आडात उतरण्याआधी

मोटर आणून अकरा दिवस झाले होते आणि ती अजून खोक्यातच होती. एक हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटर. गंगाखेडहून मीच ती एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. कंडक्टर म्हणाला, "काका, लेकरू खाली ठिवा की. त्याचं तिकीट न्हाई मागत मी." सगळी बस हसली, मीही हसलो. घरी येऊन खोकं पलंगाखाली सरकवलं, आणि त्या दिवसापासून त्या पलंगावर मला धड झोप लागली नाही.

मोटर बसवायची होती आमच्या घरामागच्या आडात. गावात आता नळ आले आहेत. तोट्या अजून चकचकीत आहेत, कारण त्यांना पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा येतं. बाकीचे दिवस आमचं घर आडावरच चालतं. बायको तीस वर्षं पोहरा ओढते आहे. यंदा तिचा उजवा खांदा वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, दोर ओढायचा नाही. तरी ती ओढत होती, डाव्या हाताने.

"आख्ख्या गल्लीत बटन दाबलं की पानी येतंय," ती म्हणायची. "आन मी नोकरदाराची बायको. माझं बटन म्हंजी हा पोहरा."

याआधी मी दर वर्षी काही ना काही कारण सांगत आलो होतो. लाईट टिकत नाही. आडाला तेवढं पाणी नाही. मोटर चोरीला जाते. ती ऐकून घ्यायची. यंदा तिचा खांदा पाहिल्यावर माझ्याकडे कारण उरलं नाही. खरं कारण होतं, पण ते सतरा वर्षं माझ्या घशाखाली होतं.

ते सांगण्याआधी आडाबद्दल सांगितलं पाहिजे.

हा आड माझ्या आजोबांनी खोदला. पाच पुरुष खोल, म्हणजे तीस फुटांच्या आसपास, आणि इतका अरुंद की आत एका वेळी एकच माणूस मावतो. तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या घरांना हात लावू देत नसत. वरून कुणी घागरीत पाणी ओतेल तेव्हा घ्यायचं, नाहीतर उन्हात बसून राहायचं. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला आणि त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी घरामागे हा आड खणला. आत दगडांची गोल बांधणी केली, उतरायला त्यात पाऊलभर खोबण्या ठेवल्या. आमच्या घरात त्या आडाविषयी कुणी कधी वाकडं बोलत नाही.

आड, विहीर यांत उतरण्याआधी लोक नारळ फोडतात, लिंबू कापतात, काही ठिकाणी कोंबडी देतात. आजोबांनी ते सगळं बंद केलं. पण खाली उतरणाऱ्याला काहीतरी आधार लागतोच, म्हणून त्यांनी त्या जागी एक प्रश्न ठेवला. उतरणारा आणि दोर धरणारा आडाच्या काठावर समोरासमोर उभे राहतात. आधी एक विचारतो, "मनात काय हाय का?" दुसरा उत्तर देतो. मग दुसरा विचारतो, पहिला उत्तर देतो. दोघांचंही "न्हाई" आलं, तरच उतरायचं. एकाच्याही मनात दुसऱ्याविषयी काही असेल, तर त्या दिवशी काम नाही. आधी ते बोलून टाकायचं. वडील सांगायचे, "नारळ फोडून दोर मजबूत व्हत न्हाई. धरनाऱ्याचं मन साफ आसंल तर व्हतो."

दोर धरायचीही आमच्या घरची एक रीत होती. दोर आडावरच्या कप्पीवरून येणार, तो काठावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला दीड वेढा द्यायचा आणि शेंडा हातात धरून बसायचं. दीड वेढ्यात माणसाचं निम्मं वजन झाड घेतं. दोर कुठेही बांधायचा नाही. बांधलेल्या दोराला काही कळत नाही, हातातल्या दोराला कळतं, असं वडील म्हणायचे. आणि दर थोड्या वेळाने खाली हाक द्यायची, "हाय का?" खालून "हाय" आलं पाहिजे.

सतरा वर्षांपूर्वीच्या वैशाखात माझा थोरला भाऊ आडात उतरला होता. मी त्याला दादा म्हणतो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तेव्हा तो दर हंगामात ऊसतोडीला जायचा, उन्हाळ्यात घरी असायचा. आडाचा मधला एक दगड निसटला होता, तो बसवायचा होता. वडील राणीसावरगावच्या बाजाराला गेले होते. बायको माहेरी होती. दोर माझ्या हातात होता. दादाने विचारलं, "मनात काय हाय का?" मी म्हणालो, "न्हाई." ते खरं होतं. त्या दिवशीपर्यंत ते खरंच होतं.

तासाभराने माझा मोबाईल वाजला. एका शाळेत क्लार्कच्या जागेसाठी मी मुलाखत देऊन आलो होतो आणि पंधरा दिवस त्या फोनची वाट पाहत होतो. आवाज तुटत होता. घरामागे रेंज धड यायची नाही, पुढच्या गल्लीत यायची. दादा खोबण्यांत पाय रोवून दगडाला चुना-सिमेंट लावत होता. त्याचा भार दोरावर नव्हता. मी दोर जवळच्या गाईच्या खुंट्याला गुंडाळला, घाईत एक गाठ मारली आणि पळत गल्लीत गेलो. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो "थांब" म्हणाला असता.

चार मिनिटं लागली असतील. "उद्या कागदपत्रं घेऊन या," एवढंच पलीकडून सांगायचं होतं. मी दोनदा "हो सर" म्हणालो, एकदा "उपकार झाले" म्हणालो. परत वळलो तर दादाची किंकाळी ऐकू आली.

त्याचा पाय खोबणीतून सरकला होता. सगळं वजन दोरावर आलं, माझी गाठ सुटली आणि दोर कप्पीवरून सरसर त्याच्यामागे आडात गेला. तो पंधरा फूट पडला. खाली गुडघाभर पाणी आणि दगड होते. शेजारचे चौघं धावून आले. त्यांनी दुसऱ्या दोराने त्याला वर काढलं. उजवा पाय मांडीपाशी भलत्याच दिशेने वळला होता. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "दोर तुटला का रं?" मी मान हलवली. होय म्हणून.

इथेच सगळं झालं. मी काही रचलेलं नव्हतं. त्यानेच विचारलं आणि मी मान हलवली.

त्याला जीपमध्ये घालून गंगाखेडला नेलं. वहिनी सोबत गेल्या. शेजारी मला म्हणाले, वडील येईपर्यंत तू घरी थांब, त्यांना घेऊन ये. मी एकटा घरामागे बसलो. दादासोबत वर आलेला तो ओला दोर काठावर पडला होता. अंबाडीचा, तीन पेडांचा, वडिलांनी स्वतः वळलेला. मध्ये एका ठिकाणी त्यांनी सांधा घातला होता. दोर शाबूत होता. वडील येऊन बघतील तर शाबूत दोर दिसेल, आणि मग प्रश्न येईल, सुटला कसा?

मी विळा आणला. सांध्यापाशी दोर कापला. मग कापलेली टोकं आडाच्या काठावरच्या दगडावर घासली, तंतू विस्कटेपर्यंत. आज आठवतं ते हे की मी काम नीट केलं.

वडील दुपारी आले. मी म्हणालो, "दोर तुटला. सांध्यापाशी." त्यांनी दोराची दोन्ही टोकं हातात घेतली. अंगठ्याने चाचपली. बराच वेळ चाचपली. मग चप्पल घातली आणि आम्ही गंगाखेडला गेलो.

दादाचा पाय जुळला तो आखूड जुळला. ऊसतोड संपली. त्याने पंक्चरचं दुकान टाकलं, पुढे वेगळं घर केलं. मी नोकरीला लागलो. गल्लीत तो सगळ्यांना सांगायचा, "आमचा बारका हापिसात हाय." वडिलांनी त्यानंतर दोर वळणं सोडलं. तुटलेल्या दोराचे ते दोन तुकडे त्यांनी धुऊन वाळवले आणि घरात, माझ्या खोलीच्या दाराशेजारच्या खुंटीला अडकवले. मला वाटायचं, आपल्या हातचा दोर तुटला म्हणून ते स्वतःला शिक्षा करत आहेत. ते पाहूनही मी गप्प राहिलो. दर रविवारी विहारात चौथं शील म्हणायची वेळ यायची, खोटं न बोलण्याचं, तेव्हा मी ओठ हलवायचो. आवाज काढायचो नाही.

वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्यांना एक सवय लागली. मी कामावर निघालो की ओट्यावरून विचारायचे, "मनात काय हाय का?" आडात उतरायचं नसताना. मी म्हणायचो, "न्हाई." ते म्हणायचे, "बरं. जा."

तर, मोटरचं खोकं पलंगाखाली होतं. मोटर बसवणारा मिस्त्री आला आणि त्याने दोराला दगड बांधून आडात सोडून पाहिला. म्हणाला, "खाली लय गाळ हाय. आशी मोटर सोडली तर आठ दिवसात जाम व्हईल. आदी आड साफ करून घ्या, बुडाला फरशी टाका, मग मला बलवा."

शेजारच्या गावचे गाळ काढणारे दोघं आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं. एक म्हणाला, "लय आरुंद हाय. आन ह्यात मागं कोनी पडलंतं म्हनं?"

"म्या," दादा म्हणाला. तो ओट्यावर बसून चहा पीत होता. त्याने पाय पुढे केला. "ह्यो बगा पुरावा."

"मग नारळ आन काळी कोंबडी लागंल."

"आमच्यात करत न्हाईत."

"मग आमी बी उतरत न्हाई."

चहा पिऊन ते गेले. वहिनी म्हणाल्या, "चला, कोंबडी वाचली." सगळे हसले. दादा हसता हसता माझ्याकडे वळला.

"तूच उतर. म्या दोर धरतो."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. वहिनींनी ते पाहिलं. "भाऊजी भ्याले! आवं, फायली उपसता तसा गाळ उपसायचा. त्यात काय?"

"उतरतो," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. माझी बायको समोर उभी होती, डाव्या हाताने उजवा खांदा दाबत.

तिथून पुढचे चार दिवस तयारीचे होते. दादाने पाथरीहून सुताचा जाड दोर आणवला. नायलॉनचा हातात सरकतो म्हणून नको म्हणाला. तो दोर त्याने लिंबाच्या फांदीवरून टाकला आणि स्वतः, त्या आखूड पायासकट, त्याला लोंबकळून झोके घेतले. "बग, हत्ती बी धरंल." मग कप्पीला तेल घातलं. बुंध्यावर जिथे दोर घासणार तिथली साल गुळगुळीत केली. त्या सालीत वडिलांच्या काळातली दोराची खाच अजून होती. त्याने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाचं काम पक्कं. सांधा तेवढा एकदाच कच्चा गेला त्येचा. मानूस हाय, चुकतंच."

मी तिथेच उभा होतो.

त्या चार दिवसांत मला जेवण जाईना. मनात दोन भीती एकमेकींना ढकलत होत्या. सांगितलं नाही, तर काठावर उभा राहून पुन्हा "न्हाई" म्हणावं लागेल, आणि त्या "न्हाई"वर लोंबकळत तीस फूट खाली जावं लागेल. आजोबांच्या प्रश्नावर माझा पुरता विश्वास होता असं नाही. पण खोटं बोलून उतरलेल्याला तो आड वर येऊ देणार नाही, असं मला त्या दिवसांत खरोखर वाटत होतं. शिकलेला माणूस आहे मी, नारळ-लिंबावर हसतो. तरी वाटत होतं.

आणि सांगितलं, तर? तर ज्याचा पाय मी मोडला, ज्याच्या बापाला मी कच्चा ठरवला, त्याच्या हातात माझा दोर असणार. तो काही करेल असं मला वाटत नव्हतं. पण दादाचे हात मला माहीत आहेत. राग आला की ते आधी थरथरतात. दीड वेढ्याला थरथर चालत नाही.

सांगून मग दुसऱ्या कुणाला तरी दोर धरायला लावावं, असंही मनात येऊन गेलं. हेही लिहून ठेवतो. सांगण्यातही मी आधी माझा जीव वाचवायचं बघत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत सगळे जमले. बायको आणि वहिनींनी पाणी उपसून काढलं, खाली चिखल राहिला. दादाने लिंबाचे मोठे डहाळे दोराला बांधून आडात वरखाली झुलवले, कोंडलेली हवा हलावी म्हणून. मग पेटता कंदील सोडला. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. उजेडाचा ठिपका लहान लहान होत चिखलावर टेकला आणि जळत राहिला. दादाने अर्धा तास तो तसाच ठेवला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, विझ. विझला असता तर त्या दिवशी उतरणं टळलं असतं. तो विझला नाही.

दादाने माझ्या कमरेला आणि मांड्यांना दोर बांधला. गाठी दोनदा तपासल्या. लिंबाला दीड वेढा दिला, शेंडा हातात घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मनात काय हाय का?"

खाली कंदील दिसत होता. वहिनी पदराने घाम पुसत होत्या. मी तोंड उघडलं. "न्हाई" जिभेवर आलंच होतं, सतरा वर्षांची सवय होती तिला.

"हाय," मी म्हणालो.

दादा हसला. "काय, डबा खायाचा राह्यला?"

"दादा, दोर तुटला नव्हता."

त्याला कळलं नाही. "कोंचा दोर?"

मग मी सांगितलं. खुंटा, गाठ, फोन, गल्ली. विळा. दगडावर घासलेली टोकं. वडिलांना काय सांगितलं ते. भराभर सांगितलं, थांबलो असतो तर पुढचं बाहेर आलं नसतं. बायको मागे उभी होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. माझं बोलणं संपलं.

दादाच्या हातातल्या दोराकडे मी बघत होतो. तो थरथरत होता.

"बाला?" दादा म्हणाला. "बाला बी हेच सांगितलंस?"

"व्हय."

"त्येचा सांधा तुटला म्हून?"

"व्हय."

त्याने लिंबाचा वेढा सोडवला. सावकाश, नीट. मग माझ्याजवळ येऊन माझ्या कमरेच्या गाठी सोडल्या. त्याची बोटं माझ्या पोटाला लागत होती, थंड होती. दोराची गुंडाळी करून त्याने ती काठावर ठेवली.

"आज न्हाई उतरायचं," तो म्हणाला. "आता माझ्या मनात हाय."

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खुंटीवरचे ते दोन तुकडे होते. ते घेऊन तो लंगडत त्याच्या घराकडे गेला. वहिनी त्याच्यामागे गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

बायकोने कंदील वर ओढला. मी "मी ओढतो" म्हणालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दोर तुमच्या हातात नको."

पुढचे आठ दिवस मी शाळेत जाऊन येत होतो. रोज भीती वाटायची की दादा येईल, आणि रोज त्याहून जास्त भीती वाटायची की तो येणार नाही. पंक्चरचं दुकान उघडं असायचं. मी त्या रस्त्याने जायचं टाळलं. बायको जेवायला वाढायची, बोलायची नाही. आडातून डाव्या हाताने पाणी ओढायची, आणि कप्पीचा आवाज घरात सगळीकडे ऐकू यायचा.

नवव्या दिवशी सकाळी दादा आला. ओट्यावर बसला नाही. त्याने ते दोन तुकडे माझ्यासमोर धरले.

"बग."

मी बघितलं. सतरा वर्षांत अंबाडी काळी पडली होती.

"कुठं कापलास, नीट बग. तिनी पेड एकाच जागी संपलेत. दोर तुटतो तवा आसा तुटत न्हाई. एक पेड हितं जातो, दुसरा वीतभर तिकडं. हे पंक्चरवाल्याला कळायलंय. जल्मभर दोर वळनाऱ्या मानसाला कळलं नसंल?"

मी उंबऱ्यावर बसलो.

"त्येनं अंगठा फिरवला आसंल तवाच कळलं आसंल त्येला," दादा म्हणाला. "मग माझ्या खोलीत न्हाई अडकवला. तुझ्याच दाराला अडकवला."

ओट्यावरून रोज सकाळी विचारलेला तो प्रश्न मला ऐकू आला. नऊ वर्षं. एकेका सकाळी एकदा. आणि माझं "न्हाई", आणि त्यांचं "बरं. जा." मी सतरा वर्षं दादाला भीत आलो होतो. आता जी भीती आली ती वेगळी होती, ती जाऊन सांगावी असं कुणी उरलेलं नव्हतं. वडील वाट पाहत गेले. किंवा त्यांना कळलंच नव्हतं आणि दादा चुकतो आहे. दोन्हींपैकी काय खरं, हे मला आता कधीच कळणार नाही.

"चल," दादा म्हणाला. "उन्हं चढायच्या आत."

पुन्हा पाण्याचा उपसा, पुन्हा डहाळे, पुन्हा कंदील. वहिनी आल्या होत्या, पण फायलींचा विनोद केला नाही. दादाने माझ्या कमरेला दोर बांधला, दीड वेढा दिला, समोर उभा राहिला.

"मनात काय हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. मग रीतीप्रमाणे मी विचारलं. "तुझ्या मनात?"

वहिनींनी घमेलं खाली ठेवलं.

"हाय," तो म्हणाला. "ते आठ दिसात जानारं न्हाई. बोलून टाकलंय, तेवढंच. आजाचं म्हननं तेवढंच व्हतं ना, बोलून टाका म्हून?" त्याने दोराचा शेंडा तळव्याभोवती घेतला. "उतरायचं का न्हाई, तुझं तू ठरीव."

मी खोबणीत पाय घातला.

आड आतून किती थंड असतो हे मी विसरलो होतो. वरून दिसणारं आभाळ आधी परातीएवढं झालं, मग ताटाएवढं. दगडांना शेवाळाचा वास होता. मधला, दादाने त्या दिवशी अर्धवट बसवलेला दगड माझ्या हाताला लागला. सिमेंट एका बाजूलाच होतं. प्रत्येक खोबणीवर मी दोर ताणून बघत होतो, पलीकडे कुणी आहे का. दर वेळी दोर ताठ व्हायचा. तेवढाच.

खाली चिखल मांडीपर्यंत आला. मी घमेलं भरायचो, बायको आणि वहिनी दुसऱ्या दोराने ते वर ओढायच्या. चिखलात एक पोहरा निघाला, दोन पितळी तांबे, तुटक्या बादलीच्या कड्या. मग हाताला काहीतरी सपाट लागलं. त्या दिवशी सिमेंट लावत होता ती दादाची थापी. लोखंड गंजून पापुद्रे सुटले होते, लाकडी मूठ कुजून गेली होती. मी ती चिखलातच धुतली, म्हणजे अजून चिखल लावला, आणि घमेल्यात ठेवून वर पाठवली.

घमेलं वर गेलं. वर बोलणं थांबलं. "हाय का?" ची हाक येण्याची वेळ झाली होती. आली नाही. मी वर पाहिलं. ताटाएवढ्या आभाळात कुणाचं डोकं नव्हतं. मी दोर धरला, पण ओढून बघायची हिंमत झाली नाही. तो सैल लागला असता तर? सतरा वर्षांपूर्वी इथेच, याच चिखलात तो पडला होता आणि वर कुणी नव्हतं. किती वेळ वर कुणी नव्हतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. चार मिनिटं, मी म्हणत आलो. खालून चार मिनिटं किती मोठी असतात, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी हाक मारली नाही. मारायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

"हाय का?" वरून आलं. आवाज बसलेला होता.

"हाय," मी जरा उशिरानेच म्हणालो.

"मग उत्तर दे की लवकर, गाढवा. लगीच तोंड उघडायचं."

गाळ निघाला. फरशी टाकली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मोटर सोडली, पाइप जोडला, भिंतीवर स्टार्टर बसवला. दादा त्या दिवशी आला नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे, असा निरोप आला. बायकोने बटण दाबलं. आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. तिने पहिली घागर भरली, कमरेवर घेतली आणि माझ्याकडे न बघता दादाच्या घराकडे निघाली. मी दारात, त्या रिकाम्या खुंटीपाशी, ती परत येईपर्यंत उभा राहिलो.

ती आली तेव्हा घागर मोकळी होती.

"वतून घेतली," ती म्हणाली. "बोलले काय न्हाईत."